मांजर जागा का चुकते?

मे महिन्याची दुपार. वाशिमच्या एखाद्या नव्या लेआउटमधले तीन खोल्यांचे घर. खिडकीतला कूलर घरघरतो आहे आणि त्याच्याच खाली, भिंतीच्या कोपऱ्यात, घरच्या मांजराचा वाळूचा ट्रे ठेवलेला आहे. तीन वर्षे मांजर न चुकता तिथे जात होते. गेल्या आठवड्यापासून मात्र ते कधी गादीवर लघवी करते, कधी धुवायला काढलेल्या कपड्यांच्या ढिगावर, तर कधी न्हाणीघराच्या दारातल्या पायपुसण्यावर. पहिल्या दिवशी घरचे ओरडतात. दुसऱ्या दिवशी मांजराचे नाक त्या ओल्या जागेवर घासले जाते. तिसऱ्या दिवशी चप्पल बसते. पंधरा दिवसांनी घरातले कुणीतरी निर्णय देते, ‘पोत्यात घाला आणि बाजार समितीकडे सोडून या. तिकडे उंदीर पुष्कळ आहेत.’

हे घर कुठल्याही गावातले असू शकते. मांजर पाळणाऱ्यांच्या तक्रारींत ‘जागेवर लघवी करत नाही’ ही तक्रार जगभर नेहमीची आहे, आणि मांजर घराबाहेर काढले जाण्यामागचे ते एक मोठे कारण आहे. घरात वाढलेले मांजर अनोळखी जागी सोडले की कुत्री, वाहने आणि उपासमार यांतून वाचणे त्याला कठीण जाते. त्याहून वाईट गोष्ट अशी की, पोत्यात घातलेल्या त्या मांजराला अनेकदा दुखत असते. ते आजारी किंवा घाबरलेले असते आणि जागा चुकणे ही त्याची ते सांगण्याची रीत असते.

लहान मूल अंथरूण ओले करू लागले की पूर्वी त्याला मार बसे. आता डॉक्टर आधी विचारतात: लघवीला जळजळ होते का? पोट साफ होते का? मूल पाणी जास्त पिते का? शाळेत कसली भीती बसली आहे का? मांजराच्या बाबतीतही प्रश्न जवळजवळ हेच आहेत. फक्त ते विचारण्याआधी चप्पल उचलली जाते.

परसातली माती गेली

आपल्याकडे हा प्रश्न तसा नवा आहे. कारंजा, रिसोड, मंगरुळपीरच्या जुन्या घरांना परस होते. तिथे चुलीची राख पडे, गोठ्याजवळ कुटाराचा ढीग असे. मांजर बाहेर जाई, मऊ जागा उकरी, काम आटोपले की पंजाने माती लोटून झाकी. ते कुठे जाते हे घरात कुणाला ठाऊकही नसे. आता अंगणात पेव्हर ब्लॉक आले, रस्त्यावर वाहने वाढली, आणि मांजर घरातच राहू लागले. परसाची जागा प्लास्टिकच्या ट्रेने घेतली. बाजारात त्याला ‘लिटर बॉक्स’ म्हणतात.

उकरून झाकण्याची ही सवय फार जुनी आहे. पाळीव मांजराचे पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतली रानमांजरे. माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजरे. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी मांजराचेही दफन सापडले. त्याचा अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोरड्या मुलखातल्या या प्राण्याचे मूत्रपिंड पाणी वाचवण्यात तरबेज आहे. माणसाच्या मूत्रपिंडापेक्षा दुपटीहून अधिक दाट लघवी ते तयार करू शकते. म्हणून मांजराला तहान कमी लागते आणि त्याच्या लघवीला इतका उग्र वास येतो. याच दाट लघवीमुळे त्याच्या मूत्राशयाच्या तक्रारीही वाढतात.

अमेरिकेतही १९४७ पर्यंत घरातल्या मांजरांसाठी राख आणि वाळूच वापरत. त्या वर्षी मिशिगन राज्यातल्या एड लोव यांनी शेजारणीला राखेऐवजी शोषक मातीचे दाणे दिले. ही माती म्हणजे आपण चेहऱ्याला लावतो त्या मुलतानी मातीच्या जातीची. पुढे १९८० च्या दशकात बेंटोनाइट आले. त्यावर लघवी पडली की त्याचा गोळा होतो आणि तेवढाच उचलून टाकता येतो. बेंटोनाइटमधले मुख्य खनिज पाण्याने फुगते. वऱ्हाडातल्या काळ्या मातीतही याच गटातली खनिजे आहेत. म्हणूनच ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि घरांच्या भिंतींना तडे पाडते. दुकानातून पिशवीने विकत आणलेली ‘कॅट लिटर’ ही आपल्या वावरातल्या मातीची लांबची बहीण आहे. अर्थात वावरातली माती तशीच ट्रेमध्ये भरली तर तिचा चिखल होतो, म्हणून ती वापरू नये.

सांगायचा मुद्दा असा की, मांजराला ट्रेची सवय मारून लावावी लागत नाही. मऊ, कोरडी, उकरता येईल अशी जागा दिसली की ते आपसूक तिथे जाते. असा प्राणी नेहमीची जागा सोडतो तेव्हा कारण त्याच्या शरीरात असते, नाहीतर त्या जागेत किंवा घरात. शोध याच क्रमाने घ्यायचा.

पहिला प्रश्न: लघवी होते आहे का?

गादी ओली दिसली तर किमान एवढे कळते की लघवी बाहेर येते आहे. धोका आहे तो मांजर वारंवार ट्रेमध्ये बसते, जोर लावते आणि बाहेर काहीच येत नाही, किंवा दोन-चार थेंबच येतात तेव्हा. हे बहुतेक बोक्यांमध्ये घडते, कारण त्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो. लघवीतले स्फटिक, चिकट स्रावाचा गोळा किंवा आतल्या सुजेने तो मार्ग बंद होतो. नसबंदी झालेल्या बोक्यालाही हे होऊ शकते.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाची प्रोस्टेटमुळे लघवी तुंबली की तेच रात्रीच दवाखाना गाठायला लावतात, कारण त्यांना सांगता येते. बोका सांगू शकत नाही. तो ओरडतो, लपून बसतो, लघवीची जागा सतत चाटतो. पोटाला हात लावू देत नाही. मग उलट्या सुरू होतात आणि तो मलूल पडतो. जोर लावताना पाहून घरच्यांना वाटते की शी अडकली आहे, आणि एरंडेल पाजले जाते. तोवर रक्तात पोटॅशियम साठू लागलेले असते. ते वाढले की हृदयाचे ठोके मंदावतात आणि थांबतात. मार्ग पूर्ण बंद झालेला बोका उपचाराविना दोन-तीन दिवसांत मरतो.

म्हणून ‘आज रविवार आहे, उद्या पाहू’ हे वाक्य इथे चालत नाही. बोक्याला अर्ध्या दिवसात लघवी झालेली नसेल आणि तो जोर लावत असेल, तर त्याच वेळी पशुवैद्यक गाठावा. उपचार ठरलेला आहे: गुंगी देऊन बारीक नळी घालणे, शिरेतून सलाईन देणे, पोटॅशियम आटोक्यात आणणे. वेळेत पोहोचलेले बहुतेक बोके वाचतात. घरी पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न करू नये. तुंबलेले मूत्राशय त्याने फुटू शकते.

एक इशारा इथेच दिला पाहिजे. ‘दुखत असेल बिचाऱ्याला’ म्हणून माणसाची गोळी देऊ नये. ५०० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हे औषध निष्प्रभ करणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फार कमकुवत असते. त्यामुळे त्याच्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात आणि श्वास अडतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक याही गोळ्या त्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत.

मूत्राशयाची सूज, जिला जंतू नसतो

लघवी होते आहे, पण थोडी थोडी, वारंवार, कधी रक्ताचा गुलाबी रंग घेऊन आणि ट्रेच्या बाहेर. तरुण आणि मध्यमवयीन मांजरांत याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे मूत्राशयाची अशी सूज, जिच्यात तपासणीत जंतू सापडत नाहीत. दहा वर्षांखालील मांजरांत जंतुसंसर्ग क्वचितच असतो. त्यामुळे तपासणी न करता प्रतिजैविकांचा कोर्स देण्याने सहसा काही साधत नाही. मांजर आठवडाभरात बरे होते, पण बऱ्याचदा ते आपोआपच बरे होणार असते. श्रेय गोळीला मिळते, आणि काही महिन्यांनी त्रास पुन्हा उद्भवतो.

ट्रेचा संबंध इथे कसा तुटतो तेही पाहण्यासारखे आहे. लघवी करताना जळजळ होते. मांजराच्या दृष्टीने ती वेदना आणि ती जागा एकच होऊन बसते. मग ते दुसरी जागा शोधते: मऊ गादी, गार फरशी, न्हाणीघरातली मोरी. गुळगुळीत गार जागेवर लघवी करू लागलेल्या मांजराच्या मूत्राशयाकडे म्हणूनच आधी लक्ष द्यावे.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले पशुवैद्यक टोनी बफिंग्टन यांनी या आजारावर अनेक वर्षे काम केले. स्त्रियांमध्ये जंतुसंसर्गाशिवाय मूत्राशय दुखण्याचा एक चिवट आजार असतो. मांजरांचा हा आजार त्याच्याशी बराच मिळताजुळता असल्याचे त्यांच्या कामातून दिसले. या मांजरांत दोष एकट्या मूत्राशयात नसतो. ताणाला प्रतिसाद देणारी त्यांची सगळी यंत्रणाच अतिसंवेदनशील असते. २०११ मध्ये त्यांनी या अवस्थेला ‘पँडोरा सिंड्रोम’ असे नाव सुचवले.

वयस्क मांजरांत यादी बदलते. मूत्रपिंडाचा जुना आजार, मधुमेह आणि थायरॉइड वाढणे या तिन्हींत मांजर पाणी जास्त पिते आणि लघवी जास्त करते. ट्रे लवकर भरतो, मग ते बाहेर जाते. म्हाताऱ्या मांजराचे सांधेही झिजतात. बारा वर्षांवरील १०० मांजरांचे एक्स-रे तपासले गेले, तेव्हा ९० मांजरांत सांध्यांची झीज दिसली. उंच काठाचा ट्रे ओलांडणे अशा मांजराला जिना चढण्यासारखे असते. ते ट्रेच्या अगदी जवळ, पण बाहेर लघवी करत असेल, तर तो आळस समजू नये. ट्रेचा एक काठ कापून खाली आणावा.

लघवी की खूण?

सगळीच ओली जागा म्हणजे चुकलेली लघवी नव्हे. मांजर बसून, जमिनीवर, बरीचशी लघवी करते तेव्हा ते मूत्राशय रिकामे करते. उभे राहून, शेपटी ताठ करून, ती थरथरवत भिंतीवर किंवा दाराच्या चौकटीवर थोडी पिचकारी मारते तेव्हा ते खूण सोडते. ‘ही जागा माझी’ असा तो निरोप असतो. खिडकीबाहेर गल्लीतला दुसरा बोका फिरू लागला, घरात नवे मांजर आले, किंवा मिलनाचा काळ असला की खुणा वाढतात.

बोक्याच्या लघवीचा तो ओळखू येणारा वास ‘फेलिनिन’ या गंधकयुक्त अमिनो आम्लातून येतो. ते तयार होण्यास ‘कॉक्सिन’ नावाचे प्रथिन मदत करते, असे २००६ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले. नसबंदी न झालेल्या बोक्याच्या लघवीत ते सर्वाधिक असते. फेलिनिन हळूहळू विघटन पावते, म्हणून सकाळी न जाणवलेला वास संध्याकाळी घर भरून टाकतो.

खुणांवरचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे नसबंदी. दहापैकी जवळपास नऊ बोक्यांत नसबंदीनंतर खुणा सोडणे थांबते किंवा खूप कमी होते. मांजरीही खुणा सोडतात, पण कमी. ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत’ या समजुतीला वैद्यकीय आधार नाही.

ट्रेची तपासणी

शरीर ठीक असल्याचे पशुवैद्यकाने सांगितले, की पाळी ट्रेची. मांजराच्या नजरेतून तो पाहावा.

आकार: बाजारातले बरेच ट्रे लहान असतात. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची जेवढी लांबी, त्याच्या दीडपट लांबीचा ट्रे हवा. त्यासाठी महागडी वस्तू घ्यायला नको. कपडे भिजवायचा रुंद, उथळ प्लास्टिकचा टब उत्तम चालतो. झाकणाचा ट्रे माणसाच्या सोयीचा असतो. आत वास कोंडतो आणि मांजराला बाहेरचे दिसत नाही.

वाळू: बहुतेक मांजरांना बारीक, मऊ, वास नसलेली वाळू आवडते. लव्हेंडरचा किंवा लिंबाचा सुगंध माणसाला आवडतो. मांजराच्या नाकाला तो जाचतो. दुकानातली लिटर परवडत नसेल तर बांधकामाची वाळू बारीक चाळून, धुऊन, उन्हात कडक वाळवून वापरता येते. थर दीड-दोन इंचांचा असावा. एका प्रकारातून दुसऱ्यात जायचे असेल तर आठवडाभर दोन्हींचे मिश्रण ठेवावे.

स्वच्छता: घाण दिवसातून किमान एकदा, शक्य तर दोनदा उचलावी. आठवड्याने ट्रे साध्या साबणाने धुऊन उन्हात वाळवावा. घरच्या माणसांनी न धुतलेले शौचालय वापरायला नकार दिला तर आपण त्यांना दोष देत नाही.

संख्या: मांजरे जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, आणि ते वेगवेगळ्या जागी. एका रांगेत ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या लेखी एकच असतात. एक दांडगे मांजर दाराशी बसून दुसऱ्याला तिथे फिरकू देत नाही.

जागा: इथे सर्वांत जास्त चुका होतात. ट्रे जेवणाच्या वाटीशेजारी नको. वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, इन्व्हर्टर यांच्याजवळ नको. विदर्भातल्या घरांत आणखी एक गोष्ट विसरली जाते. हिवाळ्यात शांत असलेला खिडकीखालचा कोपरा एप्रिलमध्ये कूलर सुरू झाला की गडगडाटाचा होतो, त्यावर पाण्याचे थेंब पडतात आणि वाळू ओलसर राहते. घरच्यांच्या दृष्टीने ट्रे जागच्या जागी असतो. मांजराच्या दृष्टीने ती जागाच गेलेली असते. शांत कोपरा, दोन बाजूंनी बाहेर पडायची वाट आणि रात्रंदिवस उघडे दार, एवढेच त्याला हवे असते. रात्री न्हाणीघराचे दार लावले आणि ट्रे आत राहिला, तर सकाळच्या ओल्या गादीचा दोष मांजराकडे जात नाही.

घरात काय बदलले?

मांजर माणसापेक्षा घराला जास्त धरून असते, असे जुनी माणसे म्हणत. त्यात बरेच तथ्य आहे. बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२ मांजरांची ७७ आठवडे नोंद ठेवली. त्यांपैकी २० मांजरांना मूत्राशयाचा हा आजार होता, १२ निरोगी होती. देखभाल करणारी व्यक्ती बदलणे, खाण्याची वेळ बदलणे असे अनपेक्षित बदल झाले की मांजरे खाणे सोडत, उलट्या करत आणि ट्रेबाहेर घाण करत. हे आजारी मांजरांतच नव्हे, निरोगी मांजरांतही दिसले. २०११ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

आपल्या घरांत असे बदल कमी नसतात. लग्नसराईत आठ दिवस घर पाहुण्यांनी भरते आणि मांजर पलंगाखालून बाहेर येत नाही. दिवाळीआधी रंगकाम निघते, सामान हलते, मग फटाके. सून येते, बाळ येते, मुलगा शिकायला पुण्याला जातो. भाड्याचे घर बदलते. माणसाला या गोष्टींची कारणे माहीत असतात. मांजराला फक्त वास, आवाज आणि वेळा बदललेल्या कळतात.

उपाय साधे आहेत आणि त्यांचा परिणाम मोजला गेला आहे. २००६ च्या एका अभ्यासात या आजाराच्या ४६ पाळीव मांजरांच्या घरात सोयी सुधारल्या. पुढच्या दहा महिन्यांत त्यांच्या मूत्राशयाच्या तक्रारी आणि भीती लक्षणीय प्रमाणात कमी झाल्या. सोयी म्हणजे काय? खाणे ठरलेल्या वेळी. चढून बसायला उंच जागा, कपाटावरची एखादी जुनी चादर. लपायला पुठ्ठ्याचे खोके. रोज दहा मिनिटे दोरीशी किंवा कागदाच्या बोळ्याशी खेळ. पाहुणे येणार असतील तर एक खोली मांजरासाठी राखून, ट्रे-पाणी-अंथरुणासह. घर बदलताना आधी एकाच खोलीची ओळख, मग सगळ्या घराची.

पाण्याकडेही लक्ष हवे. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि आधीच कमी पाणी पिणाऱ्या मांजराची लघवी आणखी दाट होते. रुंद तोंडाच्या दोन-तीन वाट्यांत, खाण्यापासून दूर, रोज ताजे पाणी ठेवावे. नुसत्या कोरड्या दाण्यांऐवजी ओलसर खाणे द्यावे. मिठाशिवाय उकडलेली कोंबडी किंवा मासळी तिच्या पाण्यासह दिली की पाणी आपोआप पोटात जाते. दूध हा पाण्याला पर्याय नाही. बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही. दूध-पोळीवर तर मांजर जगूच शकत नाही. ते पूर्ण मांसाहारी आहे, आणि टॉरिन या घटकाअभावी त्याचे डोळे व हृदय निकामी होऊ शकतात.

डाग धुताना

ओल्या जागेवर पहिला हात जातो तो फिनाईलच्या बाटलीकडे. मांजर असलेल्या घरात ती बाटली धोक्याची आहे. काळ्या फिनाईलमधले फिनॉल गटातले पदार्थ मांजराच्या पंजाला लागतात, ते पंजे चाटते आणि विष पोटात जाते. पॅरासिटामॉलच्या बाबतीत जी यंत्रणा कमी पडते तीच इथेही कमी पडते. पांढऱ्या फिनाईलमधले पाइन तेलही त्याला सोसत नाही. ब्लीचिंग किंवा क्लोरीनचे द्रावण थेट लघवीवर ओतले तर लघवीतल्या अमोनियाशी त्याची क्रिया होऊन घशाला, फुप्फुसांना जाळणारा वायू तयार होतो. घरात दम्याचा रुग्ण असेल तर हे विशेष टाळावे. अमोनियायुक्त क्लीनरचा वास लघवीसारखाच असल्याने मांजर पुन्हा तिथेच येते.

ओल जुन्या फडक्याने दाबून टिपून घ्यावी, चोळू नये. मग साध्या डिटर्जंटच्या पाण्याने धुऊन स्वच्छ पाण्याने पुसावे. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारे एन्झाइमचे द्रावण असेल तर ते वापरून जागा नीट वाळू द्यावी. कापसाच्या गादीत मुरलेली लघवी वरवर पुसून जात नाही. पहिल्या पावसाची दमट हवा सुटली की वास पुन्हा उठतो. शक्य असेल तर खोळ धुवावी आणि कापूस पिंजून, उन्हात घालून घ्यावा. वास राहिलेली जागा मांजराला ‘इथेच’ असे सांगत राहते. धुतलेल्या त्या जागी काही दिवस खाण्याची वाटी ठेवावी. मांजर जेवणाच्या जागी लघवी करणे टाळते.

मारणे आणि नाक घासणे यांचा उलटा परिणाम होतो. शिक्षेचा आणि तासापूर्वीच्या लघवीचा संबंध मांजराला लागत नाही. त्याला एवढेच कळते की या घरात भीती आहे. भीतीने ताण वाढतो, ताणाने मूत्राशय दुखते आणि गादी पुन्हा ओली होते.

घरातल्या माणसांसाठी

मांजराच्या लघवीबद्दल घरात गर्भवती असली की काळजी वाढते. टॉक्सोप्लाझ्मा हा परोपजीवी मांजराच्या शीतून पसरतो, लघवीतून नव्हे. शी बाहेर पडल्यावर तो संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून शी रोजच्या रोज उचलली तर धोका फार कमी होतो. गर्भवतीने ते काम दुसऱ्याकडे द्यावे, द्यायला कुणी नसेल तर हातमोजे घालून करावे आणि हात साबणाने धुवावेत. अर्धकच्चे मटण आणि न धुतलेली भाजी याही त्याच्या वाटा आहेत. मांजर घराबाहेर काढण्याची गरज नसते.

दुखणारे किंवा घाबरलेले मांजर पकडताना मात्र चावते, ओरबाडते. त्याला जाड टॉवेलमध्ये गुंडाळून उचलावे. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जावे. शासकीय रुग्णालयांत ही लस मिळते. हळद, चुना, मिरची जखमेवर लावू नये.

आणि पोत्याबद्दल. भुकेने-तहानेने हाल होतील अशा जागी जनावर सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

दवाखान्यात जाताना

तालुक्याच्या गावी पशुसंवर्धन विभागाचे दवाखाने आहेत. त्यांचा बहुतेक वेळ गाई-म्हशी आणि शेळ्यांत जातो, तरी पहिली तपासणी तिथे होऊ शकते. अवघड दुखण्यासाठी अकोल्यात महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तो प्रामुख्याने गुराढोरांसाठी असला तरी जवळचा डॉक्टर कोण, हे विचारायला हरकत नाही.

जाताना आठवडाभराची छोटी नोंद सोबत न्यावी: लघवी कुठे झाली, किती, किती वेळा, बसून की उभ्याने, रंग कसा, पाणी किती प्यायले, त्या दिवशी घरात काय घडले. जमल्यास मोबाइलवर चित्रण करावे. दवाखान्याच्या टेबलावर मांजर गप्प बसते. घरातली ती अर्ध्या मिनिटाची चित्रफीत डॉक्टरला पुष्कळ सांगून जाते. बोका जोर लावत असेल, तर मात्र नोंदीसाठी थांबू नये.

सुरुवातीच्या त्या घरात कुणी अशी नोंद ठेवली असती, तर पहिल्याच पानावर दोन गोष्टी दिसल्या असत्या. लघवी मोकळी होते आहे. आणि जागा चुकू लागली ती कूलर सुरू झाला त्या दिवसापासून. मग पोते परत माळ्यावर गेले असते, आणि ट्रे आतल्या खोलीतल्या शांत कोपऱ्यात.